द्विभाषिकाची वाटणी आणि डांगचा बांध

वेगळे व्हायचे एकदा ठरले की वाद संपतो, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु एकत्र कुटुंबाची वाटणी जवळून पाहिलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते की खरी भांडणे त्यानंतरच सुरू होतात, कारण विहीर कोणाच्या हिश्श्याला जायची, सोसायटीचे कर्ज कोणाच्या खात्यावर चढायचे आणि बांध नेमका कुठून घालायचा, हे सारे तेव्हाच ठरवावे लागते. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन होऊन महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये अस्तित्वात आली, त्या वाटणीचेही असेच झाले. ती व्हावी याबद्दल १९५९ च्या अखेरीस जवळजवळ सर्वांचे एकमत झाले होते. संयुक्त महाराष्ट्र समितीला मराठी भाषकांचे राज्य हवे होते, इंदुलाल याज्ञिक यांच्या महागुजरात जनता परिषदेला गुजराती भाषकांचे राज्य हवे होते आणि दोन्ही भाषांना एका छपराखाली ठेवण्याचा प्रयोग फसला आहे, हे दिल्लीतील काँग्रेस श्रेष्ठींनीही मनोमन मान्य केले होते. मतभेद उरला तो सरकारने ही फारकत ज्या रीतीने घडवून आणली त्या रीतीबद्दल, म्हणजे बोलणी कोणी कोणाशी केली, पैसा कोणी कोणाला दिला आणि सीमेवरच्या माणसांना कोणी काही विचारले का, याबद्दल.

मुंबईतून किंवा पुण्यातून लिहिलेल्या इतिहासात हा मतभेद विजयोत्सवाच्या वर्णनाखालच्या तळटिपेएवढा उरतो. नाशिक जिल्ह्यातल्या कळवणच्या बाजूने पाहिले म्हणजे त्याचा आकार बदलतो, कारण ज्या डांग जिल्ह्यावरून सर्वांत कडवट वाद झाला तो कळवणच्या पश्चिमेला, सुरगाण्याला लागूनच पसरलेला आहे. किंबहुना 'डांग' हा शब्दच या भागाला परका नाही. नाशिक जिल्ह्याचे परंपरेने दोन भाग सांगितले जातात: सह्याद्रीच्या कुशीतला, पावसाचा आणि झाडीचा तो डांग, आणि पूर्वेकडचा कोरडा, मोकळा तो देश. कळवण तालुका या दोहोंच्या सांध्यावर बसलेला असून गिरणेच्या काठची कांद्याची शेती देशाची आहे, तर अभोणा आणि कनाशीच्या वरचा नागली, वरई आणि खुरासणीचा डोंगरउतार डांगाचा आहे. मुसळधार पावसात अंगावरून पाणी निथळून जाणारे तेलकट कातडीचे डांगी बैल याच पट्ट्याचे. दादासाहेब बिडकर यांनी १९३७ साली स्थापन केलेली आणि आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी काम करणारी नाशिकची संस्था 'डांग सेवा मंडळ' हेच नाव धारण करते, आणि तिचे महाविद्यालय कळवण तालुक्यात अभोण्याला आहे. गुजरात राज्यात गेलेला डांग हा अशा रीतीने एका मोठ्या डोंगरी मुलखाचा एक तुकडा आहे. त्या मुलखाचा उरलेला भाग आजही महाराष्ट्रात आहे.

द्विभाषिक राज्य मुळात का निर्माण झाले, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. भाषेच्या आधारावर राज्यांची पुनर्रचना करण्यासाठी डिसेंबर १९५३ मध्ये नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ च्या अहवालात मराठी आणि गुजराती प्रदेशांचे एकच राज्य ठेवून विदर्भ वेगळा करावा, असे सुचवले. त्यावर महाराष्ट्रात संताप उसळला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून केल्यावर गोळीबार झाले, माणसे मेली आणि केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी राजीनामा दिला. अखेर ऑगस्ट १९५६ मध्ये संसदेने विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ यांच्यासह एक अवाढव्य राज्य मान्य केले, तेच विशाल द्विभाषिक होय. १ नोव्हेंबर १९५६ रोजी यशवंतराव चव्हाण त्याचे मुख्यमंत्री झाले. अहमदाबादेत ऑगस्टमध्येच विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, त्यामुळे या राज्याच्या दोन्ही टोकांना जन्मापासूनच असंतोष होता. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने समितीला भरभरून मते दिली. नाशिकमधून समितीच्या पाठिंब्याने दादासाहेब गायकवाड लोकसभेवर गेले. काँग्रेसची सत्ता टिकली ती विदर्भ, मराठवाडा आणि गुजरात यांच्या बळावर, आणि हीच गोष्ट द्विभाषिकाच्या मुळावर आली, कारण ज्या प्रदेशात राजधानी होती त्याच प्रदेशाने राज्य नाकारले होते.

विभाजनाचा निर्णय कसा झाला, याकडे संयुक्त महाराष्ट्र समितीने सुरुवातीपासून बोट दाखवले. १९५९ साली इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्षा असताना पक्षाने या प्रश्नासाठी नऊ जणांची समिती नेमली, तिच्या शिफारशीवर कार्यकारिणीने डिसेंबरात शिक्कामोर्तब केले आणि तपशिलाची बोलणी राज्यातील काँग्रेस नेत्यांकडे सोपवली. गुजरातचे भावी मुख्यमंत्री डॉ. जीवराज मेहता हे त्या वेळी चव्हाणांच्याच मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते. म्हणजे वाटणी मागणारे दोन भाऊ आणि वाटणीपत्र लिहिणारा कारकून हे तिघेही एकाच ओसरीवर बसले होते, तर ज्यांनी रस्त्यावर लढून वाटणी घडवून आणली ते अंगणाबाहेर उभे होते. संयुक्त महाराष्ट्र समितीची तक्रार अशी की मराठी बाजूने कोण बोलतो आणि कशाच्या बदल्यात काय सोडतो, हे जनतेला ठराव झाल्यावरच कळले. चव्हाणांच्या बाजूचा युक्तिवादही दुबळा नव्हता. मुंबई शहर महाराष्ट्राला मिळणे हा सर्वांत मोठा लाभ होता, तो पदरात पडण्याच्या बेतात असताना एखाद्या तालुक्यावरून किंवा वनजिल्ह्यावरून बोलणी फिसकटू देणे हे त्यांच्या लेखी अविचाराचे ठरले असते. गुजरातेतील मोरारजी देसाईंसारख्या वजनदार नेत्यांना विभाजन मनापासून मान्य नव्हते, हे लक्षात घेतले तर चव्हाणांची घाई समजू शकते. तरीही घाई समजणे आणि गुप्तता योग्य मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि समितीचा आक्षेप मुख्यतः गुप्ततेवर होता.

राज्यघटनेने या बाबतीत सरकारला मोठी मोकळीक दिली आहे, आणि सामान्य वाचकाला बहुधा ठाऊक नसलेली ही बाब या सर्व वादाच्या मुळाशी आहे. अनुच्छेद ३ नुसार नवे राज्य निर्माण करण्याचा किंवा राज्याच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा असून संबंधित विधिमंडळाकडे विधेयक केवळ मत कळवण्यासाठी पाठवले जाते. ते मत संसदेवर बंधनकारक नसते, आणि १९५५ च्या पाचव्या घटनादुरुस्तीनंतर राष्ट्रपती ठरवतील त्या मुदतीत ते कळवावे लागते. मुदत उलटली तरी विधेयक पुढे जाऊ शकते. जनमताचा कौल घेण्याची तरतूद कोठेही नाही. म्हणून १९६० च्या आरंभी मुंबई विधिमंडळात झालेली चर्चा कितीही तापली तरी तिचा निकालावर परिणाम होणे अवघडच होते. याच अनुच्छेदाच्या बळावर पुढे २०१४ साली आंध्र प्रदेश विधानसभेने नाकारलेल्या विधेयकावरूनही संसदेने तेलंगण राज्य निर्माण केले. मुंबई पुनर्रचना कायद्याला २५ एप्रिल १९६० रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि अंमलबजावणीला जेमतेम सहा दिवस उरले. त्या कायद्यात विधानसभेच्या जागांपासून उच्च न्यायालय, सरकारी नोकर, निवृत्तिवेतन, कर्जे आणि ठेकेदारांशी झालेले करार इथपर्यंत वाटणी लिहिलेली आहे. ३९६ सदस्यांच्या विधानसभेतून महाराष्ट्राच्या वाट्याला २६४ आणि गुजरातच्या वाट्याला १३२ आमदार आले. एसटीच्या गाड्या आणि आगारेही वाटली गेली, आणि गुजरातचे मार्ग परिवहन महामंडळ त्याच दिवशी जन्मले. प्रशासकीय दृष्टीने पाहता हे काम विलक्षण नीटनेटके झाले, हे टीकाकारांनाही नाकारता येत नाही.

पैशाचा वाद मात्र तीव्र होता. मुंबई शहराच्या उत्पन्नावर द्विभाषिक राज्याचा गाडा चालत असल्याने ते शहर गेल्यावर गुजरातच्या अंदाजपत्रकात तूट येणार, म्हणजे महसुली उत्पन्नापेक्षा खर्च अधिक होणार, हे उघड होते, शिवाय गुजरातला नवी राजधानी बांधायची होती. म्हणून कायद्याने गुजरातसाठी विशेष महसुली राखीव निधी स्थापन केला आणि महाराष्ट्राने काही वर्षे त्यात भर घालावी असे ठरवले. समितीच्या वक्त्यांनी याला मुंबईसाठी मोजलेली किंमत ठरवले. हिशेबाच्या अंगाने पाहिले तर ही टीका अर्धवट आहे, कारण एकत्र असताना मुंबईच्या उत्पन्नातून गुजरातच्या जिल्ह्यांवर खर्च होत होताच आणि तो एका रात्रीत थांबवणे कोणत्याही सरकारला शक्य नव्हते; पण रकमा ठरवताना त्यांचा पाया लोकांपुढे मांडला गेला नाही, या मुद्द्यावर टीकाकारांचे म्हणणे आजही पटण्यासारखे आहे. मराठी बाजूतही सर्वांचा सूर एक नव्हता. लोकनायक अण्यांसारखे विदर्भवादी महाराष्ट्रात जाण्यालाच विरोध करत होते, आणि विदर्भाला दिलेली आश्वासने पाळली जातील का, हा त्यांचा प्रश्न नागपूर करारापासून चालत आला होता. नव्या राज्याच्या नावावरही खल झाला. 'मुंबई' हे नाव कायम ठेवण्याचा विचार मागे पडून 'महाराष्ट्र' हे नाव आले, त्यात लोकमताचा रेटा स्पष्ट दिसतो.

सीमेचे काम तीन ठिकाणी नाजूक होते. ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्यातील बरीच गावे गुजरातला गेली आणि उरलेल्या भागाचा तलासरी झाला. हा गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा दिलेला पट्टा, पण वाटणीच्या टेबलावर त्या इतिहासाला स्थान मिळाले नाही. पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदे आणि अक्कलकुवा तालुक्यांतील काही गावे तापीवरील उकाई धरणाच्या सोयीसाठी गुजरातकडे दिली गेली. तेथे भाषेचा प्रश्न दुय्यम ठरून पाण्याचा प्रश्न निर्णायक झाला. तिसरे ठिकाण डांग, आणि तेथे पूर्ण जिल्हाच पणाला लागला होता.

डांगची राज्यव्यवस्था इतर संस्थानांहून निराळी होती. गाढवी, अमाळा, वासुर्णा, दहेर आणि पिंपरी या पाच भिल्ल राजांचा आणि त्यांच्या नाईकांचा हा मुलूख. त्यांच्याकडून इंग्रजांनी १८४२ साली सागाचे जंगल भाडेपट्ट्याने घेतले, कारण जहाजबांधणीला सागासारखे लाकूड नव्हते. त्या भाड्याची रक्कम पुढे सालीना म्हणून राजांच्या वंशजांना मिळत राहिली, आणि होळीच्या आधी आहव्याला भरणाऱ्या डांग दरबारात ती आजही समारंभाने दिली जाते. इतिहासकार अजय स्कारिया यांनी डांगच्या तोंडी आठवणींचा अभ्यास करताना नोंदवले आहे की तेथील लोक भूतकाळाचे दोन भाग करतात: आधीची 'मोगलाई' आणि नंतरची 'मंदिनी'. मंदिनी म्हणजे जंगलाची मोजणी करून हद्दी आखल्या गेल्या तो काळ. मोगलाईत माणूस डोंगरात हवे तिकडे जात होता, मंदिनीत कोठे पाय ठेवायचा हे साहेबाने ठरवले, असा त्या विभागणीचा भाव आहे. ज्या समाजाने आपला इतिहासच हद्दीच्या रेघेने दोन भागांत तोडला होता, त्याच्यावर १९६० साली आणखी एक रेघ पडणार होती.

ही रेघ भाषेच्या निकषावर आखायची ठरली आणि तेथेच गोंधळ झाला. डांगमध्ये कोकणा, भिल्ल, वारली आणि कुणबी हे मुख्य समाज. त्यांची बोली डांगी किंवा कोकणा. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणात भिली बोली आणि खानदेशी एकाच खंडात एकत्र मांडलेल्या आहेत, यावरूनच या भागाला मराठी आणि गुजराती यांच्यात स्वच्छ रेषा मिळत नाही हे कळावे. स्वातंत्र्यानंतर डांग मुंबई प्रांतात विलीन झाले आणि तेथे शाळा कोणत्या माध्यमाच्या काढायच्या, यावर वाद पेटला. १९४९ साली मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांनी डांगचा दौरा केला. तेथील बोली गुजरातीला जवळची असल्याचे सरकारी मत पुढे आले आणि मराठी विद्वानांनी व कार्यकर्त्यांनी त्यावर कडाडून हल्ला चढवला. एकीकडे नाशिकचे सेवाभावी कार्यकर्ते, दुसरीकडे आहव्याच्या स्वराज आश्रमातील छोटुभाई आणि घेलुभाई नाईक हे बंधू, अशी दोन कार्यक्षेत्रे एकाच डोंगरावर समोरासमोर होती. दोन्ही बाजूंच्या माणसांनी आदिवासींसाठी मनापासून काम केले, यात शंका नाही. परंतु शाळेच्या पाटीवर कोणती लिपी असावी, हा प्रश्न त्यांच्यामुळे राज्याच्या मालकीचा प्रश्न बनला. मुलाला कोणत्या लिपीत 'अ' गिरवायला मिळतो, यावरून दहा-बारा वर्षांनी तो मुलूख कोणाचा हे ठरते, असा विचित्र हिशेब तेथे लागू झाला.

निर्णयाला अखेर आधार मिळाला तो डांगच्या जिल्हा लोकल बोर्डाच्या निवडणुकीचा. लोकल बोर्ड म्हणजे रस्ते, शाळा आणि दवाखाने पाहणारी स्थानिक संस्था, पंचायत राजपूर्वीची जिल्हा परिषदच म्हणता येईल. विभाजनापूर्वी झालेल्या तिच्या निवडणुकीत गुजरातकडे झुकलेले उमेदवार निवडून आले, आणि लोकांनीच कौल दिला आहे तर डांग मागण्याला काय अर्थ, असे चव्हाणांच्या बाजूने सांगितले गेले. समितीचे उत्तर असे की ही निवडणूक रस्ते-शाळांसाठी होती, राज्य निवडण्यासाठी नव्हती, आणि ती होण्याआधीच दहा वर्षे शाळा आणि सरकारी यंत्रणा एका बाजूला वळवल्या गेल्या होत्या. निःपक्षपणे पाहिले तर दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. सार्वमत घेण्याची इच्छा कोणत्याही पक्षाने फारशी दाखवली नाही, हेही त्याचबरोबर नोंदवले पाहिजे; मुंबईबाबत सार्वमताची कल्पना मराठी बाजूला घातक वाटत होती, आणि म्हणून डांगमध्येही ती मागणे अडचणीचे झाले. एका मोठ्या शहरासाठी स्वीकारलेले धोरण एका छोट्या जिल्ह्याच्या गळ्याशी आले. डांगचा दावा सोडला गेला आणि पाच राजांची सारी भूमी कायद्यातील गुजरात राज्याच्या जिल्ह्यांच्या यादीत दाखल झाली. आज हा सुमारे १,७६४ चौरस किलोमीटरचा जिल्हा असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे २ लाख २८ हजार आहे, त्यांपैकी जवळजवळ ९५ टक्के लोक आदिवासी आहेत. ज्या भाषेवरून एवढा वाद झाला ती डांगी बोली मात्र केंद्राच्या जनगणनेत मराठीच्याही खाली नाही आणि गुजरातीच्याही खाली नाही. ती 'खानदेशी' या स्वतंत्र शीर्षकाखाली, अहिराणीच्या शेजारी मोजली जाते.

एखाद्या संयोगातून बाहेर पडताना होणारे हे वाद जगभर एकाच जातीचे असतात, हे ब्रिटनच्या अनुभवावरून दिसते. २३ जून २०१६ रोजी ब्रिटिश मतदारांपैकी ५१.९ टक्क्यांनी युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने मत दिले. पण सोडायचे कसे हे मतपत्रिकेवर नव्हतेच. त्यानंतरची साडेतीन वर्षे देणी किती द्यायची, आयर्लंडच्या सुमारे ५०० किलोमीटर सीमेवर तपासणी नाके येणार का आणि संसदेला विचारल्याशिवाय सरकारला बाहेर पडण्याची नोटीस देता येते का, या प्रश्नांत गेली. शेवटच्या प्रश्नावर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये संसदेचा हक्क मान्य केला. पंतप्रधान थेरेसा मे यांनी केलेला करार १५ जानेवारी २०१९ रोजी ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला आणि अखेर त्यांना पद सोडावे लागले. उत्तर आयर्लंडच्या बहुसंख्य मतदारांनी संघात राहण्याचा कौल दिला असतानाही त्यांना बाहेर पडावे लागले, आणि सीमेचा सर्वांत मोठा भार त्यांच्याच वाट्याला आला. तिकडे वाटणीचे भांडण वर्षानुवर्षे उघड्या चावडीवर चालले आणि सरकारे पडली. इकडे ते बंद खोलीत काही महिन्यांत आटोपले आणि मुख्यमंत्री अधिक बळकट होऊन बाहेर आला. दोन्हीकडे सीमेवरच्या माणसाचा आवाज सारखाच क्षीण राहिला, हे मात्र मान्य करावे लागते.

महाराष्ट्रात १९६० नंतर या वादाचे राजकीय बळ झपाट्याने ओसरले. ३० एप्रिलच्या मध्यरात्री मुंबईच्या राजभवनात नेहरूंच्या हस्ते नव्या राज्याचा नकाशा उजळला आणि आचार्य अत्र्यांच्या 'मराठा' दैनिकासह सर्वांनी त्या आनंदात भाग घेतला. मूळ मागणी पूर्ण झाल्यावर समितीतील पक्षांत पुढे काय करायचे यावरून फूट पडली. बेळगाव-कारवारचा लढा चालू ठेवणाऱ्यांच्या यादीत डांग आणि उंबरगाव ही नावे हळूहळू मागे पडली. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या, आणि संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेले यशवंतराव १९६३ च्या पोटनिवडणुकीत लोकसभेवर बिनविरोध निवडून आले ते नाशिकमधूनच. ज्या जिल्ह्याने १९५७ साली त्यांच्या पक्षाला नाकारले होते आणि ज्याच्या शेजारचा मुलूख त्यांनी सोडून दिला होता, त्याच जिल्ह्याने सहा वर्षांत त्यांना विरोधकाशिवाय निवडून द्यावे, यात मराठी मतदाराची विस्मरणशक्ती पाहायची की व्यवहारबुद्धी, हे वाचकाने ठरवावे.

रेघ मात्र राहिली, आणि ती नेमकी कशी दिसते हे नाशिकहून वणीमार्गे सापुताऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर कळते. हातगडाच्या किल्ल्याच्या पायथ्यावरून गाडी वळली आणि हद्द ओलांडली की दुकानांच्या पाट्यांवरची शिरोरेघ नाहीशी होते. अक्षरे ओळखीची राहतात, पण त्यांच्या डोक्यावरचे छप्पर उडालेले असते. बाकीचे बदलत नाही. तीच नागलीची भाकरी, तोच पावरीचा सूर, डोंगऱ्या देवाच्या उत्सवातला तोच रात्रभराचा फेर. सप्तशृंगगडाची जत्रा भरली की पलीकडच्या गावांतून भाविक नांदुरीला उतरतात आणि त्यांच्या नवसांना राज्याची हद्द आडवी येत नाही. रोटीबेटीचे व्यवहार दोन्ही बाजूंना आहेत, त्यामुळे एकाच घरातला भाऊ देवनागरीत आणि मेहुणा गुजराती लिपीत सही करतो. मजुरीची वाटही दुतर्फा आहे: द्राक्षांच्या हंगामात डांग आणि सुरगाण्याचे मजूर दिंडोरी-निफाडच्या बागांत येतात आणि ऊसतोडीला दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे जातात. दोन राज्ये म्हणजे या कुटुंबांच्या दृष्टीने दोन रेशनकार्डे, दोन जातप्रमाणपत्रे आणि दोन प्रकारची कागदपत्रे.

डिसेंबर २०२२ मध्ये या रेघेचा जुना प्रश्न उलट दिशेने पुढे आला. कर्नाटक सीमेचा वाद पेटलेला असताना सुरगाणा तालुक्यातील गुजरातलगतच्या गावांतील लोकांनी आपल्याला गुजरातमध्ये सामील करावे असे निवेदन तहसीलदारांना दिले. पलीकडे रस्ता, वीज, पाणी आणि दवाखाना आहे आणि अलीकडे नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. सीमाभागातील मराठी बांधवांसाठी राज्याच्या विधिमंडळाने २७ डिसेंबरला एकमताने ठराव केला त्याच महिन्यात, राज्याच्या आतल्याच मराठी प्रदेशातील काही गावे बाहेर जाण्याची भाषा बोलत होती. सरकारने तातडीने आश्वासने दिली आणि मागणी शमली. ज्यांच्यासाठी भाषेच्या आधारावर सीमा आखली गेली त्यांच्या तक्रारीत भाषेचा उल्लेखही नव्हता, याकडे तेव्हाच्या चर्चेत पुरेसे लक्ष गेले नाही.

आता वाद पाण्यावर आला आहे. नार आणि पार या नद्या सुरगाणा-पेठच्या डोंगरांत उगम पावून पश्चिमेला गुजरातेत उतरतात. त्यांचे पाणी उत्तरेकडे नेण्याच्या पार-तापी-नर्मदा जोडप्रकल्पासाठी २०१० साली केंद्र, गुजरात आणि महाराष्ट्र यांच्यात करार झाला. डांग आणि वलसाडच्या आदिवासींनी बुडिताविरुद्ध मोर्चे काढल्यावर २०२२ साली गुजरात सरकारला तो सोडल्याचे जाहीर करावे लागले. महाराष्ट्राने दरम्यान स्वतःचा नार-पार-गिरणा प्रकल्प पुढे नेला आणि २०२४ साली सुमारे ७,०१५ कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली. त्यात सुरगाणा-पेठमधील पाणी उचलून बोगद्यांतून कळवण तालुक्यातील चणकापूर धरणाकडे, म्हणजे गिरणा खोऱ्यात आणायचे आहे. गुजरातने सोडल्याचे सांगितलेल्या योजनेच्या यादीत डांगमधील तीन धरणे होती: चिकार, डाबदर आणि केळवण. शेवटचे नाव कानावर पडले की कळवणच्या माणसाला ते आपल्याच गावाचे वाटते, आणि डोंगरापलीकडच्या बोलीत बोलणाऱ्याला कळवणचे नाव तसेच वाटत असेल.